तीन दिवसांच्या शिबिरानंतरचा चौथा दिवस

उद्योजकता शिबिरं घेणाऱ्या सर्व प्रशिक्षक सर आणि मॅडम,
तसंच 'बिझनेस कोच' अशी पाटी लावलेल्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते. धंदा अकरा वर्षांचा आहे. त्यातली पहिली सहा वर्षं तोट्याची होती, आणि तो तोटा आहे हे कळायला मला पाचवं शिबिर उजाडावं लागलं. तेही शिबिरात कळलं नाही, शिबिर संपल्यावर कळलं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी चांगलं ते सांगते, नाहीतर कृतघ्न म्हणाल. पाकिटावर काय काय छापावं लागतं हे मला तुमच्याकडूनच समजलं: बॅच नंबर, निव्वळ वजन, तारीख, हिरवा ठिपका, तक्रारीसाठी फोन. अन्न परवाना म्हटला की आम्ही घाबरायचो. तेव्हा 12 लाखांच्या आत उलाढाल असली तर वर्षाला 100 रुपयांत नोंदणी होत होती, हे एका शिबिरातच ऐकलं आणि त्याच आठवड्यात नोंदणी केली. भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळायची नाही, शाई अन्नाला लागते, हेही तिथंच शिकले. तोवर आमची सगळी कडक भाकरी कालच्या पेपरात जायची.

पण हे नियम झाले, धंदा यापुढे सुरू होतो. त्याबद्दल तुम्ही काय सांगत होता? स्वप्न मोठं बघा. ब्रँड बना. आपली गोष्ट लोकांना सांगा. एका शिबिरात तर आम्हा चाळीस बायकांना उभं करून हात वर करून 'मी करू शकते' असं तीनदा म्हणायला लावलं. माझ्या शेजारची बाई पहाटे चारपासून दोनशे भाकऱ्या थापून आली होती. ती मला हळूच म्हणाली, "करू शकते म्हणजे काय गं, करूनच आलेय ना!"

प्रत्येक शिबिरात लिज्जत पापडाची गोष्ट ठरलेली असते. 1959 सालचा मार्च, गिरगावातल्या जुन्या इमारतीची गच्ची, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये. जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून त्यांचा फोटोही पडद्यावर येतो. पाच वेळा ऐकूनही मला ती गोष्ट आवडते. फक्त तुम्ही ती अर्धी सांगता. ते 80 रुपये ज्यांनी दिले ते छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, तुमच्या स्लाइडवर नसतात. सुरुवातीला त्या बायका दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक कमी भावात विकायचा. छगनबाप्पांनी सांगितलं की प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. धंदा हा धंदा म्हणून चालवा, हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षी त्या पापडांची विक्री 6 हजारांच्या थोडी वर गेली होती. आज आपण ज्याला मार्गदर्शन म्हणतो ते त्या बायकांना पहिल्यापासून मिळालं, आणि तेही 'तुमची प्रत कोणती, तुमची वही कुठे' एवढं नेमकं. आम्हाला गोष्टीतल्या सात बायका मिळाल्या, छगनबाप्पा नाही मिळाले.

मला नंतर मिळाले. म्हणजे मिळाल्या. तुमच्यातल्याच एक मॅडम. नाव लिहिलेलं त्यांना चालणार नाही. पाचव्या शिबिराच्या तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, दुकानदाराला पाकीट कितीला देता? मी म्हटलं 48. सुटतात किती? मी म्हटलं, सात-आठ रुपये सुटतात. त्या काही बोलल्या नाहीत, पत्ता लिहून घेतला. पुढच्या रविवारी सकाळी साडेसात वाजता दारात हजर. आम्ही गडबडलो. घरात शेंगदाण्याचं फोलपट उडत होतं आणि सासूबाई लसूण सोलत होत्या. मॅडम तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "तराजू कुठाय?"

तराजू होता, पण तो घेताना वापरायचा. देताना आम्ही हातानं भरायचो. मॅडमनी बांधून ठेवलेली दहा पाकिटं एकेक करून काट्यावर ठेवली. 200 ग्रॅमचं पाकीट, आणि वजन 210, 214, 212, एक तर 221. सासूबाई म्हणाल्या, "देणाऱ्याचं माप भरभक्कम असावं, बरकत येते." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, एका खेपेच्या घाण्यामागं तीन पाकिटं फुकट जातात. बरकत दुकानदाराच्या घरी येते."

मग त्यांनी एका घाण्याचा हिशेब माझ्याकडूनच लिहून घेतला. त्या वेळचे भाव असे. साडेनऊ किलो शेंगदाणे 140 रुपयांनी, झाले 1330. तिखट 120, लसूण 100, मीठ-जिरं 40. गॅस 80. पाकिटं आणि लेबलं मिळून 276. मी थांबले. त्या म्हणाल्या, पुढे लिहा. म्हटलं, संपलं की. "आणि तुम्ही दोघी दिवसभर काय करत होता?" हाताखाली दुसरी बाई घेतली असती तर 350 रुपये हजेरी. दोघींचे 700. एकूण 2646. पाकिटं निघत होती 46. म्हणजे एक पाकीट मला साडेसत्तावन्न रुपयांना पडत होतं आणि मी ते दुकानदाराला 48 ला देत होते.

गॅस आणि मजुरी मी सहा वर्षांत कधी धरलीच नव्हती. घरचा गॅस, घरच्या बायका. ज्या महिन्यात विक्री जास्त त्या महिन्यात आम्ही जास्त थकायचो आणि डब्यात पैसे तेवढेच असायचे. मला वाटायचं आपला हात सैल आहे, खर्च कुठंतरी जास्त होतोय. शिबिरात ऐकलेलं 'विक्री वाढवा' मी मनावर घेतलं होतं, आणि दुकानांना दिलेल्या प्रत्येक पाकिटामागं साडेनऊ रुपये घालवत होते. एका मोठ्या शिबिरात मार्केटिंगचं सत्र पहिल्या दिवशी होतं आणि 'कॉस्टिंग', म्हणजे माल कितीला पडतो त्याचा हिशेब, शेवटच्या दिवशी जेवणानंतर, जेव्हा निम्म्या बायका एसटी चुकेल म्हणून उठून गेलेल्या असतात. ती उतरंड उलटी करा, एवढं जरी केलंत तरी पुष्कळ झालं.

मॅडम पुढे सात महिने येत राहिल्या, महिन्यातून दोनदा. व्याख्यान एकदाही दिलं नाही. मागच्या वेळी सांगितलेलं केलं का, हे विचारायच्या, आणि केलं नसेल तर का नाही, हेही विचारायच्या. तेवढ्यानंच निम्मं काम झालं. कुणीतरी रविवारी येऊन वही बघणार आहे म्हटल्यावर शनिवारी रात्री का होईना, वही लिहून होते.

भाव वाढवायला मी तयार नव्हते. गिऱ्हाइकाला 60 ला मिळणारं पाकीट 75 केलं तर ते तुटेल, शहरात गल्लोगल्ली शेंगा चटणी मिळते. मॅडम म्हणाल्या, मग तुमच्याकडचीच का घेतात? मला उत्तर देता येईना. त्यांनी एक काम दिलं. महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा, 'कुणासाठी नेताय?' आणि उत्तर वहीत लिहायचं. इतकं साधं. महिन्याअखेर वहीत 112 नावं झाली. स्वतःच्या घरासाठी नेणारे 30 च्या आत. बाकीच्यांचा मुलगा पुण्यात हॉस्टेलला, मुलगी हडपसरला कंपनीत, भाऊ पिंपरीत, नणंद ठाण्यात. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी कुणी निघालं की त्याच्या पिशवीत माझी चटणी असायची. सहा वर्षं मी समजत होते की मी सोलापूरकरांना चटणी विकते. मी विकत होते ती सोलापूर सोडून गेलेल्यांची आठवण, आणि पैसे मोजत होती त्यांची आई.

स्मार्ट मार्केटिंग म्हणून तुम्ही जे शिकवता ते माझ्यापुरतं या वहीतून निघालं. आई विकत घेते म्हणजे पाकीट तिला पटलं पाहिजे. पोराच्या खोलीत फ्रीज नसतो, म्हणून 'फ्रीजची गरज नाही, कोरड्या चमच्यानं घ्या' हे लेबलावर मोठ्या अक्षरात आलं आणि 'अस्सल गावरान चव' हे गेलं. ते तर सगळेच लिहितात. 200 ग्रॅम हॉस्टेलवर आठवडाभर पुरत नाही, म्हणून अर्ध्या किलोची बरणी काढली. बरणीबरोबर दहा कडक भाकऱ्यांचा गोल डबा. भाकरीला मी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारीच वापरते. ते पूर्वीपासून करत होते, पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता डब्यावर लिहिलं आहे, आणि आया ते वाचून मान हलवतात. त्यांना त्यातलं कळतं.

चटणी कांडपावर कुटलेली, मिक्सरमधली नाही. कुटली की शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत धरली तर वळते. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो. पूर्वी मी हे बोलून सांगायचे. मॅडमनी आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टॉलवर बोलणं बंद करायला लावलं आणि समोर दोन वाट्या ठेवायला सांगितल्या, एकीत कांडपाची आणि दुसरीत मिक्सरची. बोटानं दाबून बघा, एवढंच म्हणायचं. जानेवारीतल्या त्या जत्रेत होम मैदानावर मी 75 रुपयांनी पाकिटं विकली आणि 60 का नाही असं विचारणारे फार थोडे भेटले.

व्हॉट्सअ‍ॅपची गंमत सांगते. शिबिरात सांगितलं होतं, ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच संदेश एकदम सगळ्यांना पाठवायची यादी. मी केली, 200 नंबर घातले, दिवाळीच्या आधी संदेश पाठवला, उत्तरं आली नऊ. वाटलं, लोकांना गरज नाही. खरी गोष्ट अशी की ज्यानं आपला नंबर त्याच्या फोनमध्ये साठवलेला नसतो त्याला ब्रॉडकास्टचा संदेश पोचतच नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता पैसे घेताना मी म्हणते, 'ताई, नंबर सेव्ह करता का, ताजा घाणा निघाला की कळवते.' समोर उभं राहून करून घेते. मग संदेश पोचतात. महिन्यातून दोनच पाठवते, रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक बंद करून टाकतात. गूगलच्या नकाशावर आमची खूण मागच्या गल्लीत, एका सायकल दुकानावर पडत होती. तो सायकलवाला बिचारा दिवसाला दोघातिघांना आमच्याकडे पिटाळायचा. ती दुरुस्त केली. पैसे लागले नाहीत, अर्धा तास लागला.

रीलही केली. पोराचा हट्ट. भाकरी मोडतानाचा कडाड आवाज, वर गाणं. 38 हजार लोकांनी पाहिली. ऑर्डरी आल्या तीन, त्यातली एक माझ्या मावसबहिणीची. रीलला मी नावं ठेवत नाही, पण माझा धंदा ज्या चाळीस-पन्नास आयांवर चालतो त्या मला नावानं माहीत आहेत, आणि रील बघणारे 38 हजार माहीत नाहीत.

उधारीचंही असंच. 2006 च्या कायद्यानं लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते, हे तुम्ही शिबिरात सांगितलंत. कायदा चांगला आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानदारावर 1900 रुपयांसाठी तक्रार करून मी त्याच गल्लीत राहणार कशी? मॅडमनी वही पाहिली आणि म्हणाल्या, अकरा दुकानांपैकी तीन सोडून द्या. सोडली. उधारीचा निम्म्याहून जास्त आकडा त्या तिघांकडेच अडकलेला होता. उरलेल्या आठ जणांना आता 65 ला पाकीट देते. वजन काट्यावर भरल्यामुळं घाण्याला 49 पाकिटं निघतात, त्यामुळं मजुरी धरूनही पाकिटामागं दहा रुपये सुटतात.

आता खासगी कोच मंडळींशी दोन शब्द. माझी एक मैत्रीण टॉवेल-नॅपकिनचे गिफ्ट सेट करते. तिनं 99 रुपयांचं ऑनलाइन सत्र घेतलं. दोन तासांतला दीड तास कोच स्वतःच्या गाडीबद्दल बोलला आणि शेवटच्या अर्ध्या तासात पडद्यावर उलटं घड्याळ लावून 40,000 चं पॅकेज विकलं. तिनं घेतलं. त्यात सांगितल्याप्रमाणं जाहिरातीवर आणखी 15,000 घातले. देशभरातून फोन आले, सगळे होलसेलचा भाव विचारणारे. तिच्याकडे दोन मशिनं. त्या कोचनं तिची मशिनं किती हे विचारलं नव्हतं. तुमच्यात प्रामाणिक लोक आहेत, मला ठाऊक आहे. त्यांनी तरी पैसे घेण्याआधी समोरच्या बाईला दिवसाला किती माल निघतो, हा एक प्रश्न विचारावा.

माझी पुतणी एमबीए करते. तिनं मला एक अभ्यास वाचून दाखवला, 2013 साली छापून आलेला. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत केलेला. मोठे कारखाने, शेकडो कामगारांचे, आमच्यासारखे नव्हेत. काही कारखान्यांत सल्लागारांनी महिनाभर पाहणी करून काय चुकतंय ते सांगितलं आणि ते निघून गेले. बाकीच्यांकडे ते आणखी चार महिने थांबले आणि सांगितलेलं करून घेतलं: गोदाम लावणं, मशिनची देखभाल, सदोष मालाचा हिशेब. करून घेतलेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात 17 टक्क्यांनी वाढली. सोलापुरात गिरण्यांच्या भोंग्यावर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. कापड लूमवर निघतं, ऑफिसात नाही.

तुमच्यावर टार्गेट असतं याची मला कल्पना आहे. मार्चअखेर इतकी शिबिरं, इतक्या सह्या, इतके फोटो. तुमचं मानधनही शिबिराच्या दिवसांवर ठरतं. सूक्ष्म अन्नप्रक्रियेची जी केंद्राची योजना 2020 साली आली, 35 टक्के अनुदानाची, तिनं निदान हाताशी माणूस द्यायचं ठरवलं, जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणून. चांगलं पाऊल. पण मूळ मार्गदर्शक सूचनांत त्यांचं मानधन असं बांधलं होतं की अर्धं कर्ज मंजूर झाल्यावर आणि उरलेलं नोंदण्या, प्रकल्प उभारणी, प्रशिक्षण झाल्यावर. म्हणजे यंत्र बसलं की त्यांचा हिशेब मिटला. आमचा तिथून सुरू होतो. त्या मानधनातला एक हप्ता वर्षभरानं का ठेवू नये? 'बाई अजून विकते का, आणि कितीला विकते' हे घरी जाऊन पाहिल्यावरच मिळणारा.

आणि शिबिरांच्या बिलात प्रवासखर्चाचा एक रकाना काढा, 'लाभार्थीच्या घरी भेट' असा. आमच्या मॅडम सात महिने रिक्षाचं भाडं पदरचं घालत होत्या. मी देऊ केलं तर घेईनात, चटणी तेवढी न्यायच्या, तीही 75 रुपये देऊन. चाळीस बायकांना तीन दिवस हॉलमध्ये बसवण्याऐवजी त्यातल्या दहा जणींकडे सहा महिने जा. कोणत्या दहा, हे भांडण होईल, होऊ दे. ज्या वही घेऊन येतील त्या दहा घ्या. उरलेल्या तीस जणींत पुढच्या वेळी वही घेऊन येणाऱ्या निघतीलच.

पुढच्या महिन्यातल्या शिबिराला मला 'यशस्वी उद्योजिका' म्हणून बोलावणं आलं आहे. शाल, श्रीफळ आणि दहा मिनिटं मनोगत असं पत्रात लिहिलं आहे. शाल राहू द्या. दहा मिनिटांऐवजी पहिल्या दिवशी सकाळी दीड तास द्या. मी माझा काटा घेऊन येते. बायकांना निरोप द्या की येताना आपल्या मालाची पाच तयार पाकिटं आणि किराणा दुकानाची शेवटची पावती बरोबर आणा. आणि सर-मॅडम, त्या दीड तासात तुम्हीही पुढच्या रांगेतल्या खुर्च्या सोडून एकेका बाईशेजारी बसा.

घरी यायचं असेल तर सकाळी आठच्या आत या, त्यानंतर कांडपाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.

आपली विश्वासू,
एक शेंगा चटणीवाली, सोलापूर